सिंहगड रस्त्यावरील एक दवाखाना : वैद्यकीय प्रवेशाआधी डॉक्टरांकडे बसण्याचा अनुभव

वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करण्याआधी एखाद्या डॉक्टरांचे काम जवळून पाहण्याची सोय पुण्यात कुठे होऊ शकते, असे अनेक पालक विचारतात. माझ्या मुलीने सिंहगड रस्त्यावरील आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात पावसाळ्यातील काही आठवडे हा अनुभव घेतला. त्याविषयी मी हे लिहीत आहे. डॉक्टरांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते एका वेळी एकाच विद्यार्थ्याला बसू देतात आणि चौकशीचे फोन घेण्यातच ओपीडीची वेळ जाऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे. आपापल्या भागात असा दवाखाना शोधणाऱ्यांना मात्र यातून काय पाहावे ते कळेल.

भारतातील एमबीबीएस प्रवेशासाठी या अनुभवाचा एकही गुण मिळत नाही. ‘नीट’चे १८० प्रश्न आणि ७२० गुण यांवरच सारे ठरते. एएफएमसी या सशस्त्र दलांच्या पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयात त्यापुढे आणखी चाचण्या आणि मुलाखत असते, एवढाच फरक. परदेशातील गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत पदवीनंतर वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करताना कोणत्या डॉक्टरांकडे किती तास बसलात, याची नोंद अर्जात करता येते आणि ती पाहिली जाते. ब्रिटनमध्ये बारावीनंतर थेट अर्ज करता येतो. तेथील मुलाखतीत अनुभवातून काय समजले, यावर प्रश्न येतात आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयातच जायला हवे असे नाही, हे तेथील मेडिकल स्कूल्स कौन्सिलनेही स्पष्ट केले आहे. माझी मुलगी ब्रिटनसाठी अर्ज करणार होती. तरीही साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप पत्करण्याआधी आपल्याला दिवसभर आजारी माणसांमध्ये राहणे झेपेल का, हे ‘नीट’ देणाऱ्या मुलांनीही पाहून घ्यावे, असे माझे मत आहे. परीक्षा आणि निकाल यांमधला काळ त्यासाठी उत्तम असतो.

सुरुवातीला आम्ही मोठ्या रुग्णालयांत चौकशी केली. तेथे आधीच स्वतःचे विद्यार्थी, इंटर्न आणि निवासी डॉक्टर असतात, त्यामुळे बारावीच्या मुलीला कोठे उभे करावे हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. त्यानंतर परदेशी प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या शहरातील एका संस्थेकडे गेलो. त्यांच्याकडे ठरावीक तासांचे पॅकेज होते, प्रमाणपत्राचा नमुना टेबलावरच ठेवलेला होता आणि ‘इंजेक्शन देण्याचा प्रत्यक्ष अनुभव’ हे त्यांचे खास आकर्षण होते. रुग्णांची परवानगी कोण घेते, असे मी विचारले तेव्हा समोरच्या व्यक्तीला प्रश्नच कळला नाही. आम्ही तेथूनच परत फिरलो. ज्याचे काहीही प्रशिक्षण झालेले नाही अशा मुलाने रुग्णाला सुई टोचणे हे चूकच आहे. अर्जाच्या दृष्टीनेही त्याने नुकसानच होते, कारण परदेशात जाऊन आपल्या पात्रतेपलीकडचे उपचार करू नका, असे अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांना बजावून ठेवले आहे.

आमच्या डॉक्टरांकडे अशी सोय आहे, हे मला आदल्या वर्षी सासूबाईंमुळे कळले होते. त्यांच्या पायाची जखम दाखवायला गेलो असता तपासणीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर एक मुलगा वही घेऊन बसलेला होता. डॉक्टरांनी पट्टीला हात लावण्याआधी विचारले, “आजी, हा मुलगा पुढे डॉक्टर व्हायचं म्हणतोय. बसू दे का, बाहेर पाठवू?” सासूबाई म्हणाल्या, “बसू दे की. पण पाय बघताना जाऊ दे बाहेर.” कोणी सांगायच्या आत तो मुलगा उठला, दार ओढून घेऊन बाहेर गेला आणि बोलावल्यावरच आत आला. मुलीसाठी जागा शोधताना मला तोच प्रसंग आठवला, कारण ज्या खोलीत रुग्णाला ‘नको’ म्हणण्याची मुभा असते तेथेच विद्यार्थ्याने शिकावे, असे मला मनापासून वाटते.

मुलीलाही पहिल्याच दिवशी नियम सांगितले गेले. रुग्णाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, मोबाइल बाहेर कंपाउंडरकाकांकडे ठेवायचा, वहीत नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असे काहीही लिहायचे नाही आणि येथे ऐकलेले घरी बोलायचे नाही. शेवटच्या नियमामुळे ती काय पाहून येते, यातले फारसे मला कळत नसे आणि ते योग्यच होते. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंगही तिला त्याच दिवशी समजावले गेले : रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात.

तिने माझ्याशी मोकळेपणाने बोललेला एक विषय मात्र पाण्याचा होता. २०२५ च्या जानेवारीत याच परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याची चर्चा घरोघरी झाली होती. जुलाबाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर पाणी कोठून येते हे विचारतात : महापालिकेचे, टँकरचे की बोअरचे? सोसायटीची टाकी केव्हा धुतली? आणि त्यानंतर, पायांना मुंग्या येतात का, जिना चढताना पाय लटपटतात का? पोटातल्या काही जिवाणूंच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटू शकते, हे कारण त्यांनी ओपीडी संपल्यावर तिला कागदावर आकृती काढून समजावले. पाण्याच्या टाकीपासून पायाच्या नसांपर्यंतचा हा धागा जोडता आला, तेव्हा तिला प्रश्न विचारण्याचे मोल कळले. पाठ्यपुस्तकातील मज्जासंस्थेचा धडा तिने त्याच रात्री पुन्हा उघडला.

उणिवाही सांगायला हव्यात. संध्याकाळी सातनंतर इतकी गर्दी होते की डॉक्टरांना समजावून सांगायला उसंत नसते आणि विद्यार्थी नुसता बसून राहतो. त्यामुळे सकाळची ओपीडीच मागून घ्यावी. शस्त्रक्रिया, अपघात विभाग, आंतररुग्ण यांतले येथे काहीच दिसत नाही. ज्यांना सर्जन होण्याची ओढ आहे त्यांचे समाधान होणार नाही. अनुभव घेतल्याचे डॉक्टरांचे पत्र मिळायलाही बराच वेळ लागला. मात्र येथे कोणतेही शुल्क नाही. आम्ही देऊ केले, त्यांनी घेतले नाही. पाचपैकी साडेचार गुण मी निःशंकपणे देईन.

विचारायला जाताना फोन करण्यापेक्षा सकाळची ओपीडी संपण्याच्या सुमारास स्वतः मुलाने जावे. पालकांनी बाहेर थांबावे. मी थांबले होते. दोन-चार ओळींचा मराठी अर्ज, कॉलेजचे ओळखपत्र आणि कोणत्या दिवशी किती वेळ येऊ शकतो, एवढे सोबत असले तरी डॉक्टरांना ठरवणे सोपे जाते. नकार मिळाला तर दुसऱ्या कोणाकडे विचारावे, हेही तेथेच नम्रपणे विचारावे. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, ते आधी पाहून ठेवावे. तासांची नोंद तारखेसह रोज लिहून आठवड्याच्या शेवटी सही घ्यावी, कारण महिन्याभराचे तास नंतर एकदम आठवून लिहिले की ते खरे वाटत नाहीत आणि बहुधा खरे नसतातही. ब्रिटनमधील वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी यूकास या तेथील केंद्रीय प्रवेश संस्थेचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. त्यामुळे जूनच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटावे. पुढे डेंग्यू आणि तापाच्या रुग्णांनी दवाखाना भरून जातो, आणि त्या गर्दीत स्टुलाची जागा रुग्णाच्या नातेवाइकांना लागते.