प्लॅटर थांबला, तरी आकडा 33.33

टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा, वेग सांभाळणारा डबा घेतला आणि एकूण 22,200 रुपये गेले. डब्याचे 18,650, पाठवणावळीचे 1,150 आणि ‘कॅलिब्रेशन’चे 2,400. यातले शेवटचे 2,400 सगळ्यात जास्त डाचतात, कारण ते शंका आल्यावर दिले.

मला कोणी अडाणी समजू नये म्हणून आधीच सांगतो. माझ्या टर्नटेबलला एसी सिंक्रोनस मोटर आहे. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. म्हणजे स्वतःची स्वच्छ साइन वेव्ह (विजेची गुळगुळीत लहर) तयार करून मोटरला देणारा स्पीड कंट्रोलर ही काही थाप नाही. 50 हर्ट्झच्या मोटरला 67.5 हर्ट्झ दिले की बेल्टला हात न लावता रेकॉर्डचे मिनिटाला 33⅓ फेरे 45 होतात. हे मला ठाऊक होतं. विकणाऱ्यालाही होतं, आणि तो ते माझ्यापेक्षा छान सांगायचा. त्याच्या व्हिडिओत स्ट्रोब डिस्कच्या (वेग तपासायची रेघांची चकती; वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात रेघा थांबलेल्या दिसतात) रेघा जागच्या हलत नव्हत्या. हलतील कशाला? दिवा आणि मोटर एकाच विजेवर. फ्रिक्वेन्सी सरकली तरी दोघं बरोबरच सरकणार!

लाज वाटते, पण पहिले आठ दिवस मला आवाज सुधारलेला ‘ऐकू’ आला. पियानोचा लांबलेला सूर आता हेलकावत नाही, असं मी एका मित्राला रंगवून सांगितलं.

नवव्या दिवशी बेल्ट निसटला. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, थांबला. डब्यावर मात्र 33.32, 33.33, 33.32... विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “साहेब, तो ठरवलेला वेग दाखवतो.” पटलंही. अरे, ठरवलेला आकडा लुकलुकेल कशाला? आणि मोजलेला असेल तर सेन्सर कुठाय? डब्यातून मोटरची वायर सोडून दुसरं काही बाहेर येतच नव्हतं. एवढं दोन मिनिटं बसून विचार केला असता तर!

उलट 45 चं बटण ‘कॅलिब्रेशननंतर उघडेल’ म्हणाला, तेव्हा 2,400 पाठवले. त्यानंतर त्याचा नंबर बंद.

प्लग काढून डबा उघडला. आत वीज सरळ इकडून तिकडे गेलेली, आकडे नाचवणारी एक चिमुकली पट्टी, आणि वजनासाठी सिमेंटचा गोळा.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी विचारलं, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” उघडा डबा टेबलावर ठेवला, तर म्हणे, “तुम्हीच उघडलात, आत आधी काय होतं कशावरून?” मग दिवाणी प्रकरण आहे म्हणून वाटेला लावलं. ग्राहक तक्रारीत पक्कं बिल मागितलं; माझ्याकडे होता पावतीचा फोटो. तीन आठवड्यांनी निरोप आला: तक्रार निकाली. कोणी निकाली काढली, कशी, काही नाही. पुन्हा फोन केला तर मलाच विचारतात, “पण आवाज खराब येतो का?” काय सांगणार? आवाज होता तसाच येतो!

घेणार असाल तर बाहेर किती हर्ट्झ निघतात ते मीटरवर दाखवायला सांगा. 45 चालताना पाहिल्याशिवाय पैसे सोडू नका. क्वार्ट्झ लॉकवाल्या डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला (बेल्ट नसतो, वेग क्वार्ट्झ स्फटिकावर बांधलेला असतो) हा डबा लागतच नाही. रेकॉर्डचं भोक मध्यापासून सरकलेलं असेल तर सूर हेलकावणारच, खरा कंट्रोलरही तिथे हात टेकतो. आणि आधी बेल्ट बदला. माझा सैल पडला होता, एवढंच.

त्या मित्रानं माझ्या शब्दावर तसाच डबा मागवला. काल त्याचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.