दोन देश, चार अर्ज आणि आमच्या वन्सं

विमा कंपनीत 31 वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे, चुकलेल्या रकान्याभोवती लाल पेनाने गोल करायचा आणि कागद परत सरकवायचा. त्यामुळे फॉर्म कसा असावा याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई केनिया-टांझानियाला जाऊन आलो. दोघींचे मिळून चार अर्ज मीच घरी बसून भरले, एजंटला एक डॉलरही न देता. प्राण्यांबद्दल खूप जण लिहितात, म्हणून मी कागदांबद्दल लिहिते.

आमचा बेत असा होता: नैरोबीला उतरायचं, अंबोसेली बघायचं, नमांगाच्या सीमेवरून रस्त्याने टांझानियात शिरायचं, अरुशा, न्गोरोंगोरो, मग सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटू (फेब्रुवारीत तिथे वाइल्डबीस्टची पिल्लं जन्मतात, वन्संना तीच बघायची होती) आणि शेवटी झांझिबार. म्हणजे देश दोन, परवानग्याही दोन. काही जणांनी मला ठामपणे सांगितलं की ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा घे, 100 डॉलरमध्ये सगळं होतं. होत नाही. तो 90 दिवसांचा व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांसाठी आहे. टांझानिया त्यात नाही. गोरिला बघायला जाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, आमच्या मार्गाला त्याचा उपयोग नव्हता.

आधी केनिया. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी जाहीर केलं की जगातल्या कोणालाही आता केनियात यायला व्हिसा लागणार नाही, आणि जानेवारी 2024 पासून तो खरंच बंद झाला. त्याच्या जागी आला ईटीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी. फॉर्म आहे, फोटो आहे, पासपोर्टची प्रत आहे, हॉटेलचं बुकिंग आहे, 30 डॉलर फी आहे आणि वर कार्डाचे थोडे सुटे. आमच्या ऑफिसात 'मोफत' योजनेलाही स्टॅम्प ड्यूटी लागायची, त्याची आठवण झाली. व्हिसा नको पण परवानगी हवी, हा शब्दांचा खेळ मला पटला नाही, त्याचा एक गुण मी कापलाय. गंमत म्हणजे ज्यांना आधीपासूनच व्हिसा लागत नव्हता अशा काही देशांच्या लोकांनाही सुरुवातीला हा खर्च नव्याने पडला. 2025 मध्ये केनियाने बहुतेक आफ्रिकी देशांच्या नागरिकांना त्यातून वगळलं.

मात्र त्याआधी मी जवळजवळ फसले होते, ते सांगते. फोनवर शोधलं तर सगळ्यात वर एक साइट आली. केनियाचा झेंडा, जिराफ, मोठं हिरवं बटण, सगळं अगदी सरकारी थाटाचं. मी निम्मा फॉर्म भरला. शेवटच्या पानावर रक्कम आली माणशी 95 डॉलर. माझा हात थांबला, कारण फी 30 आहे हे मी कागदावर लिहून ठेवलं होतं. खाली बारीक अक्षरात 'आम्ही सरकारशी संलग्न नाही' असंही छापलेलं होतं. बारीक अक्षरं वाचण्याचा पगार मी 31 वर्षं घेतला आणि इथे तीच शेवटी वाचली! अशा साइट बहुतेक वेळा तुमचाच फॉर्म पुढे सरकारी साइटवर भरतात आणि मधले पैसे ठेवतात. पत्त्याचं शेपूट बघायचं: केनियाचा सरकारी पत्ता 'गो डॉट केई' ने संपतो, टांझानियाचा 'गो डॉट टीझेड' ने. जिराफावर जाऊ नये.

खऱ्या साइटवरचा फॉर्म सरळ होता. एका पानावर चार-पाच प्रश्न, मग पुढे. विमानाचा नंबर, येण्या-जाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता. म्हणजे तिकीट आणि निदान पहिलं हॉटेल हातात असल्याशिवाय बसण्यात अर्थ नाही. लहान मुलांनाही, अगदी तान्ह्या बाळालाही, वेगळा ईटीए लागतो हे कुटुंबाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तीन दिवस लागतात असं ते सांगतात, आमचे दोन्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले.

वेळ गेला तो फोटोत. वन्संचा पहिला फोटो मी फुलाफुलांच्या पडद्यासमोर काढला, तो मीच बाद केला. दुसरा भिंतीसमोर, पण चष्म्यावर ट्यूबलाइट. तिसऱ्यात त्यांनी ओठ असे मुडपले होते की पासपोर्टातली बाई वेगळी आणि ही वेगळी. "वहिनी, हसू का नको ते एकदाच सांग," त्या म्हणाल्या. नको, म्हटलं. चौथा फोटो बरा आला. त्यात त्या माझ्यावर चिडलेल्या दिसतात, पण चेहरा पासपोर्टाशी जुळतो.

आणि नाव. हा आपल्या लोकांचा खास घोटाळा. आपल्या पासपोर्टावर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. फॉर्ममध्ये लोक सवयीने एकच नाव लिहितात, मधलं गाळतात. मी ते गाळलं नाही, पण दुसरीच चूक केली. वन्संच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टावर एक 'ए' घालून आहे आणि त्या स्वतः सही करताना दोन घालतात. मी सहीच्या सवयीने दोन घातले. पैसे भरायच्या आधी सगळा फॉर्म एकदा मोठ्याने वाचायचा, हा माझा नोकरीतला नियम. त्या वाचत होत्या, मी पासपोर्ट धरून बसले होते, म्हणून सापडलं. मग धडधडत तिकीट काढून बघितलं, तर तिथेही दोन 'ए'. तेही मीच बुक केलेलं. तिकिटावरचं नाव दुरुस्त करून घेण्यात अख्खी सकाळ गेली. पासपोर्टाच्या पानावर अगदी तळाशी बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात ना, मशीन वाचतं त्या? त्यांतलं नाव अक्षर न् अक्षर उतरवायचं. घरी काय हाक मारतात, लग्नपत्रिकेत काय छापलं होतं, याचा विचार करायचा नाही.

टांझानियाचा मात्र खराखुरा व्हिसा आहे, आणि मला तो जास्त आवडला. पर्यटकाने 'ऑर्डिनरी' निवडायचा: 50 डॉलर, एकदा प्रवेश, जास्तीत जास्त 90 दिवस. मल्टिपल, बिझनेस, ट्रान्झिट असे आणखी पर्याय दिसतात आणि मल्टिपल म्हणजे काहीतरी चांगलं असणार असं वाटतं. त्याचे 100 डॉलर आहेत आणि एकाच सहलीला त्याची गरज नाही. मुख्य भूमीवरून झांझिबारला जाणं हा नवा प्रवेश धरत नाहीत, कारण 1964 पासून दोन्ही एकाच देशाचे भाग आहेत. वन्संना हे दोनदा समजावलं, तरी त्या शेवटपर्यंत "झांझिबारचा व्हिसा कुठाय?" विचारत होत्या.

फॉर्म लांब आहे. आधीचे प्रवास विचारतात, तिथे तुमचा यजमान कोण ते विचारतात (आम्ही सफारीवाल्याचं नाव आणि पहिल्या लॉजचा पत्ता दिला), कुठल्या नाक्यावरून शिरणार ते विचारतात. मी यादीत सवयीने किलिमांजारो विमानतळ निवडणार होते, मग आठवलं की आपण जीपने जाणार, आणि नमांगा शोधला. पण सुरुवातीलाच अर्जाचा नंबर मिळतो, तो जपून ठेवला की अर्धवट अर्ज पुन्हा उघडता येतो. ही सोय ज्याने केली त्याला अर्जदाराच्या घरचं माहीत असणार. मधे दूधवाला येतो, कुकर होतो, फोन येतो. स्कॅन केलेल्या फाइली मोठ्या झाल्या होत्या, त्या भाचीने फोनवर लहान करून दिल्या, एवढीच काय ती बाहेरची मदत.

दहा दिवसांपर्यंत लागू शकतात असं गृहीत धरून मी महिनाभर आधी भरलं. माझं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, वन्संचं आठव्या. मधले पाच दिवस त्या रोज सकाळी मला विचारत, "माझ्या अर्जात काही क्वेरी काढली असेल का गं?" मी स्वतः क्वेरी काढणारी असूनही मला ते सांगता येईना. काउंटरच्या बाहेर उभं राहिलं की कसं वाटतं हे मला निवृत्तीनंतर कळतंय. शेवटी ईमेलने 'ग्रँट नोटिस' आली. तिची छापील प्रत न्यायची. तो अंतिम शिक्का नाही, शिक्का सीमेवर बसतो.

आता पिवळ्या कार्डाचं. यलो फीव्हरची लस हा व्हिसाच्या फॉर्मचा भाग नाही म्हणून लोक ती विसरतात. केनिया हा त्या रोगाच्या यादीतला देश आहे, त्यामुळे केनियातून टांझानियात शिरताना कार्ड मागतात. भारतात परतताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस एकदाच घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, आणि 2016 पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ती केवळ ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. आमच्या वयाचं मात्र वेगळं आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, म्हणून डॉक्टर आधी विचार करतात. मी 61 ची, वन्सं 66 च्या. दोघींच्या तब्येतीचे कागद घेऊन आधी आमच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नीट तपासून हो म्हटलं, मगच सुई. तुमच्या घरात कोणी साठीपुढचं असेल तर तिकिटाच्या आधी हे विचारा, तिकिटाच्या नंतर नाही.

नमांगाला दोन्ही देशांचं काम एकाच इमारतीत होतं. एका खिडकीवर केनियातून बाहेरचा शिक्का, पलीकडच्या खिडकीवर टांझानियाचा आतला. अधिकारी बाईंनी आधी पिवळं कार्ड बघितलं, मग ग्रँट नोटिस, मग बोटांचे ठसे. वन्संच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेली बोटं. बाईंनी ओला टिशू दिला, त्यांची बोटं स्वतः पुसली, पुन्हा टेकवायला लावली, तीनदा. मागे रांग होती, कोणी कुरकुरलं नाही. शिक्का मारून त्या "करिबू" म्हणाल्या, म्हणजे या, स्वागत आहे. माझ्या नोकरीत मी असं कितींदा केलं असेल, याचा हिशेब मी तिथेच मनात करायला लागले आणि लगेच सोडून दिला.

झांझिबारला आणखी एक कागद लागतो, जो जुन्या माहितीत सापडणार नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून परदेशी पाहुण्यांना तिथल्या सरकारी विमा महामंडळाचा विमा सक्तीचा आहे, 44 डॉलर, 92 दिवसांपर्यंत. तुमचा स्वतःचा प्रवास विमा असला तरीही हा वेगळा घ्यावाच लागतो. मी प्रवास विमा आधीच काढला होता, त्यामुळे सुरुवातीला चडफडले. ऑनलाइन भरताना त्या महामंडळाचं स्वाहिली नाव दिसलं: 'शिरिका ला बिमा ला झांझिबार'. बिमा! समुद्रापलीकडे जाऊन हाच शब्द. दुकानाला ते 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', चहाला 'चाय'. माझं आयुष्य ज्या शब्दावर गेलं तोही तिथे पोचलेला बघून 44 डॉलरचं दुःख निम्मं झालं. अटी मात्र मी सगळ्या वाचल्या.

गुण द्यायचे तर केनियाच्या फॉर्मला दहापैकी आठ, टांझानियाच्या फॉर्मला नऊ. त्या हिरव्या बटणाच्या साइटला शून्य, आणि लाल गोल. स्वतः भरावं का? इंग्रजी वाचता येत असेल, कार्ड परदेशी व्यवहाराला चालू करून ठेवलं असेल आणि शेजारी मोठ्याने वाचून दाखवणारं माणूस असेल, तर एक दुपार पुरते. डॉलर रोख नेणार असाल तर नवीन नोटा न्या. 2006 च्या आधी छापलेल्या तिकडे घेत नाहीत.

परतीचं विमान नैरोबीहून होतं. उतरल्यावर आरोग्य खात्याच्या टेबलाशी आम्हाला थांबवलं. मी पाठीवरच्या पिशवीतून माझी फाइल काढली: ईटीए, ग्रँट नोटिस, विमा, तिकिटं, सगळं क्रमाने, वर अनुक्रमणिका. टेबलावरच्या मुलाने फाइल हातातही घेतली नाही. "यलो कार्ड, आजी," एवढंच म्हणाला. ते फाइलच्या शेवटच्या कप्प्यात होतं आणि मी पानं उलटत होते. वन्संनी ब्लाउजमधून छोटं पाकीट काढलं, त्यातून कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं आणि माझी वाट बघत पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.