‘फायनल फँटसी ६’ पिक्सेल रीमास्टर : नवं संगीत कुठे ऐकावं, मूळ कुठे लावावं

‘फायनल फँटसी ६’ हा जपानी गेम संगीतासाठी घेणार असाल तर त्याच्या सेटिंगमधला एक पर्याय आधी समजून घ्या. मूळ गेम १९९४चा, निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवरचा. त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती, म्हणजे पिक्सेल रीमास्टर, फेब्रुवारी २०२२मध्ये पीसी आणि मोबाइलवर आली, एप्रिल २०२३मध्ये प्लेस्टेशन ४ आणि स्विच या कन्सोलवर. कन्सोलवर येताना सेटिंगमध्ये एक पर्याय मिळाला, नंतर तो पीसी-मोबाइलवरही आला: नव्याने बांधलेलं संगीत, की मूळ. चाली दोन्हीकडे नोबुओ उएमात्सू यांच्याच आणि पर्याय खेळता खेळता बदलता येतो. एकदाच ‘नवं’ निवडून विसरून जाणं ही चूक. बहुतेक जण तीच करतात.

मूळ आवाज आज कुणाला खेळण्यातला वाटेल, पण तो का तसा आहे हे कळलं की ऐकणं बदलतं. सुपर फॅमिकॉमच्या आवाजाच्या चिपला एका वेळी आठच आवाज काढता येत. वाद्यांचे नमुने (म्हणजे रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे), स्वरलिपी आणि चिपचा प्रोग्रॅम, सगळा संसार ६४ केबीत. ही अख्खी जागा फक्त नमुन्यांना दिली, तरी ३२,००० हर्ट्झने, तेही कॉम्प्रेस करून, साडेतीन सेकंदांहून जरासाच जास्त आवाज मावतो. सभागृहाचा घुमारा हवा तर त्याचं भाडं वेगळं: दर १६ मिलिसेकंदांना २ केबी. पूर्ण २४० मिलिसेकंद घेतले की ३० केबी गेले, जवळपास निम्मं घर. त्यामुळे व्हायोलिनचा इवलासा तुकडाच पुन्हा पुन्हा फिरवून लांब स्वर काढायचा. लढाईत तलवारीचा खणखणाट झाला की एखाद्या वाद्याला क्षणभर गप्प बसावं लागे. अशा चिपसाठी लिहिलेली चाल वर ठसठशीत, खाली बास चालता, मध्ये मोकळी. नव्या वाद्यमेळात ही मोकळी जागा भरली गेली आहे. कुठे ते शोभतं, कुठे गर्दी होते.

शोभतं ते ऑपेराच्या प्रवेशात. गेममधली सेलीस ही खरं तर सेनापती. गायिका मारियाला पळवायला येणाऱ्या सेट्झरला, म्हणजे त्याच्या उडत्या जहाजाला, गाठण्यासाठी ती मारियाच्या वेशात रंगमंचावर उभी राहते. भूमिका एकीची, गळा दुसरीचा, आणि पदातच कथा पुढे सरकते. बालगंधर्वला संगीत नाटकं पाहिलेल्या पुणेकराला हे समजावून सांगायला नको. मूळ चिपला शब्द उच्चारता येत नाहीत, म्हणून तिथे गळ्यासारखा नुसता ‘आ’कार ऐकू येतो आणि शब्द पडद्यावर वाचायचे. रीमास्टरमध्ये खरे गायक आहेत, सात भाषांत. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे तोडला हे ऐकू येतं. इथे बेलाशक ‘नवं’ ठेवा. मात्र आधी ड्रेसिंग रूममध्ये ठेवलेली संहिता वाचा, कारण पुढची ओळ कोणती ते तुम्हालाच निवडायचं असतं. चुकलात की प्रयोग बंद पडतो.

सेलीसची स्वतःची धून आणि हे पद, चाल एकच. रागाची पकड ऐकून जाणकार मान हलवतात, तसं इथे जमतं, फक्त धून आधी कानात बसलेली हवी. ती ऐकताना ‘मूळ’ लावा आणि रंगमंचावर जायच्या आधी पर्याय बदला. थोड्या साधनांत ऐकलेली चाल पूर्ण थाटात उभी राहते.

उलट गेममधलं जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या नकाशावर ‘मूळ’च लावा. वारा आणि मागे ओढल्यासारखा ऑर्गन. तिथे ओसाडपण हवं आणि आठ आवाजांच्या चिपकडे ते आयतंच आहे. टेरा या नायिकेच्या धूनबद्दल वाद घालता येईल. आमचं मत मूळ बासरीला. नेहमीच्या लढायांत काय वाजतंय याने फारसा फरक पडत नाही.

शेवटच्या लढाईचं ‘डान्सिंग मॅड’ सुमारे १७ मिनिटांचं, चार भागांत. नाट्यसंगीताच्या साथीतल्या ऑर्गनवर वाढलेल्या कानांना इथला ऑर्गन परका वाटणार नाही, वापर मात्र भीती घालायला केलाय. खलनायक केफ्काची विदूषकी धून यात वेडीवाकडी होऊन परत येते. अडचण अशी की प्रत्येक भाग शत्रूच्या एकेका टप्प्याला बांधलेला. तुमचे योद्धे तगडे असले तर मिनिटभरात टप्पा संपतो आणि संगीत अर्ध्यात तुटतं. उपाय: बॅटल मोड ‘वेट’वर ठेवा (यादी उघडी असताना शत्रू थांबतो), आपोआप लढणारा ऑटो-बॅटल बंद करा आणि पाळी आली की जादूची यादी उघडून बसा. वेळ थांबतो, संगीत चालू राहतं. भाग पूर्ण वाजून पुन्हा सुरुवातीपासून वाजू लागला की मग वार करा. इथे ‘नवं’ लावा. ऑर्गनचा खर्ज चिपला कधी पेलला नव्हता.

तो खर्ज टीव्हीच्या स्पीकरलाही पेलत नाही, हेडफोन लागतात. प्लेस्टेशन ४ साधे ब्लूटूथ हेडफोन घेत नाही. कंट्रोलरला ३.५ मिमीची वायर लावा आणि सेटिंगमधल्या ऑडिओ डिव्हाइसेसमध्ये ‘ऑल ऑडिओ’ निवडा, नाहीतर फक्त चॅटचा आवाज येतो आणि हेडफोन बिघडले असं वाटतं. स्विच सप्टेंबर २०२१च्या अपडेटपासून ब्लूटूथ घेतो, पण आवाज किंचित मागे राहतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून वायरवाले घेताना दोन्ही कानांत खालचे स्वर सारखे येतात का, तिथेच लावून बघा. ऑपेराचा प्रवेश पंखा बंद करून ऐका. गणपतीत पेठांत राहणाऱ्यांनी तो अनंत चतुर्दशीनंतरच ठेवावा.

खेळायचं नसेल, नुसतं ऐकायचं असेल, तर मूळ अल्बम तीन सीडींचा, ६१ तुकड्यांचा आहे. शोधताना एक लक्षात ठेवा: इंग्रजीतली टेरा जपानीत ‘तीना’ आहे, दोन्ही नावं टाकून बघा. शेवटचं समाप्तीसंगीत २१ मिनिटांचं. एकेका पात्राची धून त्यात येऊन जाते. शफलवर ते लावू नका, आणि पहिल्यांदा तर मुळीच नाही, कारण धून ओळखीच्या नसतील तर ती २१ मिनिटं फार लांब वाटतात.