लगवाली स्टील फ्रेम : सोलापुरातल्या एका वर्कशॉपचं काम

अक्कलकोट रस्त्यालगतच्या या छोट्या वर्कशॉपमध्ये सायकलच्या फ्रेम हाताने झाळतात, म्हणजे नळ्या वितळलेल्या पितळाने किंवा चांदीने जोडतात. काम बघायचं तर रंगाआधी बघा, रंग चढला की सगळ्याच फ्रेमी देखण्या दिसतात.

लग म्हणजे सांध्यावर नळ्या ज्यात बसवतात तो धातूचा तुकडा. त्याची कड इथे कानशीने टोकाकडे पातळ करत आणतात. ती नुसती शोभा नाही. जाड कड जिथे अचानक संपते तिथेच ताण साठतो आणि पुढे ट्यूब तडकते. कडेभोवती पितळेची बारीक रेघ सलग हवी. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या नळीच्या) तोंडातून बॅटरी मारा, पितळ आतपर्यंत ओढलं गेलेलं दिसलं पाहिजे. बाहेर चकचकीत आणि आत कोरडं, म्हणजे ट्यूब पुरती तापलीच नव्हती.

पितळाला साधारण 900 अंश लागतात, चांदीच्या झाळकामाला 650 ते 700 पुरतात. पातळ ट्यूबला चांदीच बरी, पण तिला फट जेमतेम 0.1 मिमीची लागते. ढिला लग चालत नाही. मागच्या नळ्यांना हवा निघायला बारीक छिद्र पाडलेलं असतं, नाहीतर तापलेली हवा वितळलेलं पितळ बाहेर फेकते.

सरळपणा दोऱ्याने तपासतात: मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या नळीला, वळसा घालून दुसऱ्यापर्यंत. सीटखालच्या नळीपासून (सीट ट्यूब) दोन्हीकडचं अंतर सारखं भरायला हवं.

खोट एकच: झाळताना लावलेल्या टाकणखाराचा काचेसारखा थर कधीकधी कोपऱ्यात राहतो. त्यावर रंग मारला तर तो पुढे सुटतो. गरम पाण्यात भिजवून काढून द्यायला सांगा, कुरकुर न करता देतात.