स्पर्धा कायद्याची कार्यशाळा : फी वसूल झाली, पण प्रश्न तसाच राहिला

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात वाहतूकदारांसाठी स्पर्धा कायद्याची दिवसभराची कार्यशाळा होती. आयोजक पुण्याची एक सल्लागार संस्था. आडगाव नाक्यावर माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, कांदा आणि द्राक्षांच्या गाड्या भरतो. डिझेल वाढलं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'दिल्ली लाईन उद्यापासून अमुक, खाली कुणी जाऊ नका' असा भाड्याच्या दराचा मेसेज फिरतोच. म्हणून गेलो.

पहिला तास एक नंबर. असा मेसेज म्हणजे कलम 3 खालची भावबांधणी, म्हणजे सगळ्यांनी मिळून दर ठरवणं, 'असोसिएशनने ठरवलं' म्हणून कुणी सुटत नाही, हे सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. असा दर ठरवणाऱ्या गटाला, म्हणजे कार्टेलला, दंड किती, तर दर वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. हे ऐकून मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. माफीची सवलतही नीट समजावली : भारतीय स्पर्धा आयोगाकडे आधी जाऊन कबूल करणाऱ्याला 100 टक्क्यांपर्यंत सूट, दुसऱ्याला 50, तिसऱ्याला 30. बिअर कंपन्यांचं 2021 चं प्रकरण उदाहरणाला घेतलं. तिघींनीही माहिती दिली, पण आधी गेलेली पूर्ण सुटली आणि उरलेल्या दोघींना मिळून 873 कोटींच्या आसपास दंड बसला.

मग गाडी रस्ता सोडून शेतात घुसली. 2,000 कोटींवरच्या कंपनी-खरेदीच्या सौद्यांना आयोगाची परवानगी कशी घ्यायची, यावर पाऊण तास! समोर बसलेल्यांकडे पाच-दहा गाड्या, त्यातल्या निम्म्या हप्त्यावर.

मी एकच प्रश्न विचारला. मी प्रोप्रायटर. उद्या आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांच्या माणसांनी बोलावून, शपथेवर, 'या मेसेजचा अर्थ काय?' असं विचारलं, तर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको म्हणणारं राज्यघटनेचं कलम 20(3) मला आडोसा देतं का? सर म्हणाले, चहानंतर घेऊ. चहा झाला, जेवण झालं, प्रमाणपत्रं वाटली. प्रश्न काही आला नाही.

घरी येऊन कायदाच उघडला. 20(3) चं संरक्षण गुन्ह्यातल्या आरोपीला. आयोगाचा दंड दिवाणी स्वरूपाचा धरला जातो, त्यामुळे तो आडोसा तिथे सहज मिळत नाही. उलट स्पर्धा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे जबाब लिहून घेतात, वाचून दाखवतात, खाली सही घेतात आणि तोच पुढे पुरावा म्हणून वापरता येतो. महासंचालकांचं ऐकलं नाही तर कलम 43 खाली रोज 1 लाखापर्यंत, एकूण 1 कोटीपर्यंत दंड. सोबत वकील नेता येतो, पण तो थोड्या अंतरावर बसणार. उत्तर देताना त्याला विचारायची सोय नाही. हे तरी कार्यशाळेत सांगायला हवं होतं की नाही?

युरोपात याची रेषा तिथल्या न्यायालयाच्या 1989 च्या ऑर्केम निकालाने आखली : कागद मागा, घडलेलं विचारा, पण 'आम्ही कायदा मोडला' असं कंपनीकडून वदवून घेऊ नका. आपल्या कायद्यात अशी रेषा लिहिलेली नाही. या कायद्याचं दुरुस्ती विधेयक जयंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या वित्त स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये आला. पुढे 29 मार्च 2023 ला लोकसभेत ते गदारोळात, चर्चेविनाच मंजूर झालं. एखाद्या खासदाराने उभं राहून नेमकं हेच विचारलं असतं, तर मंत्र्यांचं उत्तर निदान कामकाजात नोंदलं गेलं असतं. आता लहान माणसाला ते कोर्टात जाऊनच विचारावं लागणार, तेही स्वतःच्या खर्चाने.

बाकी व्यवस्था चांगली. जेवणातली शेवभाजी झणझणीत, पार्किंग मात्र रामभरोसे. 2,500 रुपये फी पहिल्या तासापुरती वसूल झाली असं मी मानतो. असोसिएशनचे पदाधिकारी असाल तर जाच. नोटीस हातात पडली असेल तर तो पैसा वकिलाला द्या.

पाचपैकी तीन तारे. आयोजकांना एक विनंती : पुढची बॅच फेब्रुवारीत ठेवू नका, तेव्हा आमची माणसं निफाड-दिंडोरीच्या बांधावर द्राक्षं भरत असतात.