फुलीच्या टाक्यासाठी म्हापशातील एक दुकान

म्हापशाच्या बाजारातील एका छोट्या दुकानातून मी गेल्या पावसाळ्यात फुलीच्या टाक्याच्या भरतकामासाठी 14 काउंटचे (म्हणजे इंचात 14 घरांचे) आयडा हे चौकोनी घरांच्या विणीचे कापड, बोथट टोकाची 24 क्रमांकाची सुई आणि सहा पदरी सुती दोऱ्याच्या लड्या घेतल्या. कापडाची वीण इतकी एकसारखी आहे की इंचात बरोबर 14 घरे मोजून घ्यावीत. त्यामुळे 70 घरांचे तुळशीवृंदावनाचे चित्र ठरल्याप्रमाणे पाच इंचांत बसले. पूर्वी साध्या मॅटीवर तेच वृंदावन उभट झाले होते. भरायला लागणारे दोऱ्याचे दोन पदर एकदम न ओढता एकेक करून काढले तर गुंता होत नाही, हे दुकानातील बाईंनी स्वतः करून दाखवले.

तक्रार एकच, पण मोठी: लाल दोऱ्याचा रंग धुताना उतरला आणि वृंदावनाच्या पांढऱ्या कठड्यावर गुलाबी डाग राहिला.

उरलेल्या कापडावर आता अक्षरांचा नमुनापट (टाक्यांच्या सरावासाठी भरलेले कापड) भरते आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1598 सालचा असा पट आहे; त्याच्या रोमन लिपीचे मला काय! देवनागरीची शिरोरेषा फुल्यांत झकास सरळ येते, मात्र ‘ळ’ची वळणे तीनदा उसवावी लागली.