आइनोकुराला मुक्कामाला जा, नुसतं बघून येऊ नका

गवती छपरांची ती उंच जपानी घरं बघायला बहुतेक जण शिराकावा-गोला जातात. तिथल्या ओगिमाची गावात दोन-तीन तास फिरतात, फोटो काढतात आणि पुढची बस पकडतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तिथून उत्तरेला, तोयामा प्रांतातल्या गोकायामाला जा आणि आइनोकुरा गावात रात्र काढा. ओगिमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा ही तिन्ही गावं १९९५ साली एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत आली, पण आइनोकुरा लहान आहे. अशी वीसेक घरं, मधे भाताची खाचरं, मागे डोंगर. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी निघून गेले की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

इथल्या मोजक्या घरांत पाहुणे ठेवतात. त्याला मिन्शुकु म्हणतात. घरचीच माणसं ते चालवतात, आपण त्यांच्या घरात झोपतो आणि त्यांनी रांधलेलं जेवतो. हॉटेलच्या अपेक्षा घेऊन जाऊ नका. खोलीला कुलूप नाही, दोन खोल्यांमध्ये फुसुमा नावाचा कागदी सरकता दरवाजा असतो आणि शेजारच्याचं घोरणं स्वच्छ ऐकू येतं. न्हाणीघर एकच, पाळीपाळीने वापरायचं. अंग बाहेर घासूनपुसून धुवायचं आणि मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचं, कारण तेच पाणी पुढच्या पाहुण्यालाही वापरायचं असतं. शौचालय मात्र अगदी आधुनिक, बैठक गरम असलेलं.

मी बांधकामातला माणूस. आयुष्य सळया आणि काँक्रीटमध्ये गेलं, त्यामुळे छपराखाली शिरलो की मान आधी वर जाते. या छपराचा उतार साधारण ६० अंशांचा असतो, कारण इथलं बर्फ ओलं, जड आणि भरपूर. खालचा मजला सुतारांनी बांधायचा आणि वरचा छपराचा सांगाडा गावकऱ्यांनी मिळून उभा करायचा, अशी पद्धत होती. त्या वरच्या भागात खिळा नाही. दोरखंड असतात आणि मान्साकू नावाच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या. त्या पिळून ओल्या असतानाच गाठ मारतात, वाळल्या की गाठ आपोआप आवळत जाते. तिरक्या मुख्य वाशांची खालची टोकं निमुळती तासून तुळईतल्या खाचेत नुसती टेकवलेली असतात. आम्ही ज्याला पिन जॉइंट म्हणतो तो हाच. वारा आला, भूकंप झाला, तर सांगाडा थोडा हलतो आणि जागेवर येतो. काही तुळया तर मुद्दाम वाकड्या आहेत. डोंगरउतारावर बर्फाच्या भाराने बुंध्याशी वाकलेली झाडं त्या वाकासकट वापरली आहेत. जर्मन वास्तुरचनाकार ब्रुनो टाउट १९३५ साली शिराकावाची घरं बघून गेला आणि त्यांच्या तर्कशुद्ध रचनेवर खूश झाला. ती घरं बघताना त्याचं म्हणणं मला मनापासून पटलं. मुक्कामाच्या घरात पाहुण्यांना सहसा माळ्यावर जाऊ देत नाहीत. हे सगळं जवळून बघायचं तर गोकायामातल्याच निशि-आकाओ इथल्या इवासे घराच्या माळ्यांवर चढा. तिथे वरच्या मजल्यांवर रेशीमकिडे पाळत. या भागातली माणसं जमिनीखाली खड्ड्यांत माती, गवत आणि किड्यांची विष्ठा कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोराही करत, तो कागा संस्थानाला जाई.

मग मुक्कामच का? कारण हे घर आग पेटल्यावरच नीट कळतं. मधल्या खोलीत जमिनीतच चौकोनी चूल असते, तिला इरोरी म्हणतात. तिच्यावर एक जड लाकडी चौकट टांगलेली, म्हणजे ठिणग्या वर जाणार नाहीत आणि उष्णता खोलीत पसरेल. धूर मात्र वर जातो, फटींतून माळ्यावर शिरतो, गवत कोरडं ठेवतो, किडीला हुसकतो. वाशांवरचा, गाठींवरचा तो काळा चकचकीत थर म्हणजे पिढ्यानपिढ्यांचा धूर. छप्पर काही दशकांनी बदलावं लागतं, त्यासाठी पूर्वी सगळा गाव एकमेकांच्या घरी राबायचा. चूल विझलेल्या घराचं गवत लवकर खराब होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या आगीजवळ बसून डोळे चुरचुरले तेव्हा खरं समजलं.

जेवणाची तयारीही त्याच आगीवर. इवाना हा डोंगरी ओढ्यातला मासा. त्याला मीठ चोळून काडीवर असा ओवतात की तो पोहताना वळल्यासारखा दिसतो. मग डोकं खाली करून काडी राखेत रोवतात, निखाऱ्यापासून थोडी लांब. मालकीणबाई मधूनच येऊन काडी थोडी फिरवत. अंगातलं पाणी आणि चरबी तोंडातून थेंबथेंब राखेत उतरत होती, कातडी आधी पांढरी, मग सोनेरी, मग फुगे येऊन कडक झाली. ताटात आला तेव्हा तो डोक्यापासून शेपटापर्यंत काट्यांसकट खाता आला. असा मासा मी कधी खाल्ला नव्हता. भाजलेला दुसरा मासा गरम साकेत, म्हणजे तांदळाच्या दारूत, बुडवून देतात, तेही मागून घ्या. सोबत डोंगरातल्या भाज्यांचा तेंपुरा, अळंबी, लाल सलगमाचं लोणचं.

बायको शाकाहारी. आम्ही बुकिंग करताना ते स्पष्ट लिहिलं होतं, पण मध्ये जी बुकिंग कंपनी होती तिने निरोप पोचवलाच नाही. जपानी सुपात माशाचा अर्क जवळपास ठरलेलाच. मालकीणबाईंना फोनवरच्या भाषांतरातून कळलं, त्या क्षणभर थांबल्या आणि आत जाऊन कोंबू या समुद्री पानाचं वेगळं सूप करून आल्या. गोकायामाचं तोफू इतकं घट्ट की दोरीने बांधून नेता येतं. त्याच्या जाड फोडी नुसत्या सोया सॉसबरोबर दिल्या आणि बायकोने माशाकडे बघितलंही नाही. जेवणानंतर घरातल्या आजींनी सासारा वाजवून दाखवला. लाकडाच्या १०८ पट्ट्या दोरीत ओवलेल्या, मनगटाच्या एका झटक्यात लाटेसारख्या फिरतात. बायकोला वाजवायलाही दिला.

खोलीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. फुतोन पातळ असतो, कंबरदुखी असेल तर आणखी एक गादी आधीच मागा. रात्री खोली गरम ठेवणारा स्टोव्ह विझवतात, तेव्हा पहाटे खरोखर थंडी वाजते. कपड्यांना धुराचा वास लागतो आणि तो धुतल्याशिवाय जात नाही. लहान मुलं असतील तर आगीजवळ सतत कुणीतरी बसायला हवं. गवताच्या गावात आगीची भीती मोठी असते, त्यामुळे सिगारेट कुठेही ओढू नका.

दोन जेवणं धरून माणशी बारा हजार येनच्या आसपास पडले. त्या मानाने आम्हाला मिळालं ते खूप जास्त होतं. शक्य असेल तर घराशीच थेट बोलून बुकिंग करा, पथ्य असेल तर जपानीत लिहून पाठवा, आणि पैसे रोख न्या. शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने शिन-ताकाओकाला उतरून जागतिक वारसा बस घ्यायची आणि आइनोकुरा-गुचीला उतरून थोडं चढून जायचं. बस मोजक्याच आहेत, म्हणून दुपारचीच पकडा. जेवण सहाच्या सुमारास वाढतात आणि मासा त्याच्या बराच आधी आगीवर लागलेला असतो.